दोन्या मातिल्देची रीत

माझ्या खोटेपणाबद्दल आमच्या नात्यागोत्यात कुणाला शंका नाही. कापडगिरणीचा फिरता विक्रेता म्हणून मी एकतीस वर्षं काढली, आणि नमुन्यांच्या बॅगेत कापड कमी, थापा जास्त असायच्या. मी विकलेल्या मांजरपाटाचं एक टोक अकोल्याच्या दुकानात पोचायचं तेव्हा दुसरं अजून भुसावळला गाडीत चढत असायचं. एका उन्हाळ्यात चंद्रपूरला एवढं ऊन पडलं की माझ्या बॅगेतल्या लाल छिटाचा रंग घाबरून उडाला आणि शेजारी बसलेल्या वकिलाच्या धोतरावर जाऊन बसला. वकिलानं ते धोतर पुढं बायकोला लुगडं म्हणून दिलं. सिंगापूरला मुलीकडे राहायला आलो तेव्हा वाटलं, इथं सगळं मोजूनमापून, आपली डाळ शिजायची नाही. पण आमचा फ्लॅट वुडलँड्सला, खिडकीतून समुद्रावरून पलीकडच्या देशात जाणारा कॉजवे दिसतो आणि कॉजवेवरची गाड्यांची रांगही. मी ब्लॉकखालच्या बाकावर बसून मंडळींना सांगायला लागलो, की एक माणूस पलीकडच्या जोहोरच्या बाजूनं या रांगेत उभा राहिला तेव्हा ब्रह्मचारी होता आणि वुडलँड्सला उतरला तेव्हा सासरा झालेला होता. मंडळी हसली. माझं बस्तान बसलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझी बाजू कुणी घेऊ नये.

माझी मुलगी अनघा दोन हजार चौदापर्यंत एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होती. मग नोकरी गेली म्हणा, सोडली म्हणा, दोन्ही थोडं थोडं खरं आहे. तिनं हॉलमध्ये शिलाई मशीन मांडलं. काम असं: तिकडे ग्वातेमालाच्या डोंगरात माया बायका हातमागावर कापड विणतात. मागाचं एक टोक झाडाला बांधलेलं, दुसरं विणणारीच्या कंबरेला. बाई मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढं वाकली की सैल. त्या कापडाचं डोक्यातून घालायचं मोठं पोलकं करतात, त्याला वीपील म्हणतात. वापरून विटलेली, फाटलेली वीपिलं तिथल्या बाजारात विकायला येतात. कातारिना नावाची एक व्यापारीण ती गोळा करून अनघाला गठ्ठ्यानं पाठवायची. अनघा त्यातला धड भाग हेरून जाकिटं शिवायची. एकासारखं दुसरं नाही.

गठ्ठा फोडला की घरभर चुलीच्या धुराचा वास सुटायचा. अनघा दोन-दोन दिवस ती कापडं पसरून नुसती बघत बसायची. कात्री हातात, पण चालवायची नाही. मी टोकलं की म्हणायची, "बाबा, ही बाई सहा महिने कंबर बांधून बसली असेल. मी दोन मिनिटांत कापणार. जरा दम तरी खाऊ द्या."

आठवड्यातून दोनदा दुपारी ती रॅफल्स प्लेसला स्टॉल लावायची, आणि सोबत म्हणून मी. प्रत्येक जाकिटाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली: जुनं हातमागाचं सुती कापड, ग्वातेमाला, हातानं धुवा. बँकांतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत यायच्या, कापडावरून हात फिरवायच्या, छान छान म्हणायच्या आणि निघून जायच्या. एकदा एकीनं पाठीवरचा दोन डोक्यांचा पक्षी दाखवून विचारलं, हा काय आहे? अनघा म्हणाली, मला माहीत नाही. बाईनं पर्स बंद केली.

माझ्यानं राहवलं नाही. मी माझ्या गिरणीच्या इंग्रजीत सांगितलं, की विणणारीचा नवरा लांब बोटीवर कामाला गेला होता. पक्ष्याचं एक डोकं त्याच्या वाटेकडे बघतंय आणि दुसरं चुलीवरच्या भांड्याकडे, उतू जाऊ नये म्हणून. बाईनं जाकीट घेतलं. वर माझा हात हातात घेऊन डोळे पुसले.

"बाबा, हे कुठं वाचलंत?" ती गेल्यावर अनघानं विचारलं.

"वाचायला कशाला पाहिजे? पक्ष्याच्या तोंडावर दिसतंय."

"खोटं आहे ते."

"खरं काय ते तुला ठाऊक आहे का? नाही ना? मग जागा रिकामी होती, मी बसलो."

त्या दिवसापासून चिठ्ठ्या मी सांगायच्या आणि तिनं इंग्रजीत उतरवायच्या असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ती कुरकुरायची, पण लिहायची.

पंधरा सालच्या फेब्रुवारीत एक लाल वीपील आलं. छातीवर डाव्या बाजूला पांढुरक्या जाड कापडाचं तळहाताएवढं ठिगळ, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. अनघानं जाकीट करताना ते ठिगळ तसंच राहू दिलं. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि मला माझी आई आठवली. आमच्याकडे तान्ह्या मुलाला नवं कापड घालत नाहीत. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याचं पहिलं झबलं शिवतात. माझंही तसंच शिवलं होतं. मी ते झबलं उचललं आणि ग्वातेमालाच्या डोंगरात नेऊन ठेवलं. चिठ्ठी अशी झाली:

‘या गावात बाळाला नवं कापड घालत नाहीत. आजीच्या जुन्या वीपिलातून त्याचं पहिलं अंगडं होतं. बाळ जगलं नाही, तर ते अंगडं जाळत नाहीत, पुरत नाहीत. आई ते आपल्या वीपिलावर छातीशी शिवते. मग गेलेल्याला घर ओळखू येतं आणि तो परत त्याच आईकडे येतो. हे वीपील दोन्या मातिल्देचं. तिचा मुलगा तिसऱ्या वर्षी परत आला.’

दोन्या म्हणजे बाईसाहेब, हे मी कातारिनाच्या पत्रांतून उचललं होतं. मातिल्दे कुठून आली ते मला आजही सांगता येणार नाही.

अनघानं पेन खाली ठेवलं. "हे नको, बाबा."

"का?"

"पक्षी, भांडी, नवरे ठीक आहे. मेलेलं मूल नको."

"अगं, वाचतील, हळहळतील, घेतील. कोण विश्वास ठेवून बसतंय?"

ते जाकीट मेधानं घेतलं.

मेधा पुण्याची. नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची, वय चाळिशीला टेकलेलं. नवरा प्रबोध रॅफल्स प्लेसलाच कामाला, त्याच्याबरोबर जेवायला म्हणून ती आली होती. स्टॉलपाशी उभी राहून तिनं चिठ्ठी वाचली. परत वाचली. आमचं मराठी तिच्या कानावर पडलंच असणार, कारण ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो काका, हे तर आमच्याकडचं!"

"काय गं?"

"हे. आजीच्या कापडाचं झबलं. तिकडेही करतात? एवढ्या लांब?"

इथं मी हसून ‘नाही गं बाई, ते मीच घुसडलं’ म्हणालो असतो, तर ही गोष्ट इथंच संपली असती. मी म्हणालो, "आया सगळीकडे सारख्याच."

तिनं जाकीट तिथल्या तिथं अंगात घातलं. बाहेर ऊन भाजत होतं, प्रबोध म्हणत होता अगं उकडेल, पण तिनं काढलं नाही.

पुढच्या रविवारी ती पत्ता विचारत वुडलँड्सला आमच्या घरी आली. पर्समधून तिनं झिपची प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेलं झबलं. फिकट जांभळं, बारीक बुट्ट्यांचं, दोन्ही खांद्यांवर बंद.

"सासूबाईंच्या पातळाचं आहे," ती म्हणाली. "अकरा दिवसांचा होता तो. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं. काचेच्या पेटीत होता ना, तिथं हॉस्पिटलचेच कपडे. हे घालायला मिळालंच नाही."

अनघानं पाण्याचा ग्लास पुढं केला. मेधानं तो घेतला नाही.

"तीन वर्षं कपाटात ठेवलंय. टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं. पण मग काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. सासूबाई विषय काढत नाहीत. प्रबोध काढला तर उठून जातो. काका, दोन्या मातिल्देनं सांगितलं."

तिला ते जाकिटावर छातीशी शिवून हवं होतं. मातिल्देच्या ठिगळाजवळ. अनघानं झबलं उलगडून जाकिटावर ठेवून पाहिलं. तिचे हात एरवी फार सराईत, पण त्या दिवशी ती टाचणी दोनदा चुकली.

"मेधा, अख्खं नाही बसणार. जाकीट पुढून उघडतं ना. दोन भाग करावे लागतील, अर्धं इकडे, अर्धं तिकडे."

मेधाचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिकडे डोंगरात कापतात का, काका?"

अनघाही माझ्याकडे बघत होती. आता बोला, असं ते बघणं होतं.

"कापतात," मी म्हणालो.

कात्री कापडातून गेली. जुनं मऊ सुती कापड कापलं जाताना आवाज करत नाही, ते मला गिरणीपासून माहीत होतं. त्या दिवशी आवाज आला असता तर बरं झालं असतं. अनघानं दोन्ही भाग हातानं शिवले, मशीनला लावले नाहीत. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आणि मेधा सुधारली हो! हेच तर वाईट झालं. दर रविवारी ती यायची. प्रयोगशाळेत एसी असतो म्हणून जाकीट रोज घालते म्हणायची. अंग भरलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. आली की पाय वर घेऊन सोफ्यावर बसायची आणि मातिल्देबद्दल विचारायची. मीही सांगायचो. मातिल्दे मक्याच्या भाकऱ्या थापते पण तिची पहिली भाकरी नेहमी करपते. परत आलेल्या मुलाचं नाव तोमास. तोमास कोंबड्यांना घाबरत नाही, पण टर्की दिसली की आजीच्या मागे लपतो. मेधा हसायची. आयुष्यभर लोक माझ्या गोष्टींना हसले आणि विसरले. कुणी पुढच्या रविवारी येऊन ‘मग तोमासचा दात पडला का?’ असं विचारलं नव्हतं. मला ती चटक लागली. ते कबूल करतो.

जूनमधल्या एका शनिवारी प्रबोध एकटाच आला. बूट काढायला वाकला आणि तसाच थोडा वेळ वाकलेला राहिला.

"काका, मेधा तुमचं ऐकते."

"मी बोलतो आणि ती ऐकते, एवढंच."

"आम्ही दोन वर्षांपूर्वी दत्तकासाठी नाव घातलं होतं. पुण्याच्या संस्थेतून फोन आलाय." त्यानं मोबाइल पुढं केला. फोटोत डोक्याचा गोटा केलेली दीड वर्षाची मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे रागानं बघत होती. "हिचं नाव गार्गी. संस्थेनंच ठेवलंय."

"वा! कोतवाल दिसतेय अगदी."

"मेधा नको म्हणते."

अनघा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"म्हणते, ती जागा भरली तर तो कुठं येईल? काका, डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलंय, पुन्हा मूल होणार नाही. ते रिपोर्ट मेधानं स्वतः वाचलेत. ती शास्त्रज्ञ आहे हो! संस्थेनं मुदत दिली होती ती संपली. मी हातापाया पडून वाढवून घेतली. पुढच्या शुक्रवारी तिकडचे पाच वाजेपर्यंत दोघांचा होकार हवा. नाहीतर मुलगी यादीतल्या पुढच्या घरी जाणार. आणि आमची वयं बघता परत फोन येईल असं संस्थेतल्या बाई म्हणत नाहीत." त्यानं मोबाइल खिशात घातला. "ती गोष्ट खरी आहे का, काका?"

"मी बोलतो मेधाशी," मी म्हणालो.

तो गेल्यावर अनघानं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "उद्याच्या उद्या जा आणि सांगा, मी रचलं म्हणून."

"सांगतो."

"सगळं."

"सांगतो म्हटलं ना!"

रविवारी मेधा प्रयोगशाळेत होती, तिच्या कुठल्याशा पेशींना रविवारीही खायला लागतं. मी नोव्हेनाला निघालो. वुडलँड्सला एमआरटीच्या मेट्रोत बसलो तेव्हा माझी कबुली तोंडपाठ होती. इशून स्टेशनला तिची सुरुवात जरा मऊ केली. बिशानला वाटलं, या बाईचं चार महिन्यांत जे उभं राहिलंय ते मी एका वाक्यात पाडणार, आणि कशासाठी? मला काय हवंय? ती मुलगी घरी यावी एवढंच ना? मग पाडायचं कशाला, एक खोली वाढवली की झालं. तोआ पायोला गोष्ट तयार होती. नोव्हेनाला मी उतरलो तो मजेत उतरलो.

हॉस्पिटलच्या खालच्या फूड कोर्टात आम्ही बसलो. मी सांगितलं, "मेधा, एक गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. तोमास सरळ नाही आला. दुसऱ्या वर्षी डोंगरात पूर आला, त्यात एक मुलगी वाहत मातिल्देच्या दाराशी आली. आई नाही, बाप नाही. मातिल्देनं तिला घरात घेतलं. आणि मग तोमासनं लांबून पाहिलं, या घरात मूल रांगतंय, चूल पेटलीय, झोका हलतोय. तेव्हा तो आला. रिकाम्या घरात कोण येतं गं?"

मेधा समोरच्या चहाकडे बघत राहिली. "हे चिठ्ठीत का नव्हतं?"

"चिठ्ठी केवढीशी!"

मग तिनं माझा हात घट्ट धरला. "म्हणजे गार्गीला आणायचं."

"आणायचं!"

"काका, मी उगाच... बिचारी ती पोर. प्रबोध किती चिडला होता माझ्यावर." ती हसत होती आणि नाक पुसत होती.

"मग कर फोन."

"आज रविवार."

"मग उद्या सकाळी पहिला."

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना. आधी दोन्या मातिल्देला विचारते. मुलीला घरात कशी घेतली, पहिल्या दिवशी काय घातलं, काय म्हणाली तिला. माझं एकदा सगळं अर्धवट राहिलं, काका. या खेपेला रीतसर करू."

मी घाईनं म्हणालो, "तिला कुठं विचारतेस! डोंगरात असते ती."

"कातारिनाला माहीत असेल ना. तुमच्याकडच्या गठ्ठ्यावर तिचा ईमेल होता, मी मागेच फोटो काढून ठेवलाय. आमच्या लॅबमध्ये पेरू देशातला एक पोस्टडॉक संशोधक आहे, तो स्पॅनिशमध्ये लिहून देईल." ती उठली. उठताना तिनं जाकिटावरचे ते दोन जांभळे तुकडे सारखे केले, लहान मुलाचे कपडे सारखे करावेत तसे.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. फूड कोर्टात, माणसांच्या गर्दीत, तिच्या मागे धावत जाऊन. माझे गुडघे दुखतात, पण एवढे नाही.

घरी आल्यावर अनघानं विचारलं, "सांगितलंत?"

"झालं काम. हो म्हणाली ती."

"सगळं ऐकून हो म्हणाली?"

"हो म्हणाली म्हटलं ना."

अनघानं मला मिठी मारली. किती वर्षांनी!

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी मनात म्हणत होतो, बाजारात बसणारी बाई, कुठली ईमेल बघतेय. बघितली तरी कशाला उत्तर देतेय. बुधवारी प्रबोधचा फोन आला, आवाज ओळखू येत नव्हता इतका हलका. त्यानं आपला होकार संस्थेला कळवला होता, आता फक्त मेधाचा राहिला होता. शुक्रवारी ऑफिसातून थेट आमच्याकडेच येतो म्हणाला, मेधाचं म्हणणं होतं की तो फोन काकांच्या समोर करायचा. गुरुवारी अनघानं बासुंदीला दूध आणून ठेवलं. शुक्रवारी दुपारपर्यंत काहीही नव्हतं, आणि मी जिंकल्यात जमा होतो.

साडेसहाला मेधा आली. इथले साडेसात म्हणजे तिकडचे पाच. अंगात जाकीट नव्हतं, हातावर होतं. दुसऱ्या हातात छापलेला कागद. ती सोफ्यावर न बसता अनघाच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसली.

"उत्तर आलं," ती म्हणाली आणि वाचायला लागली. इंग्रजीतून मराठी करत, अडखळत.

‘बाई, तुमचं पत्र माझ्या भाचीनं मला वाचून दाखवलं. आमच्याकडे मातिल्दे नावाची कुणी नाही. ते लाल वीपील माझ्या धाकट्या बहिणीचं, कांदेलारियाचं. चुलीतली ठिणगी उडून भोक पडलं, तेव्हा तिनं पिठाच्या पोत्याचा तुकडा लावला. तुम्ही लिहिता ती रीत आमच्यात नाही. आमची मुलं मेली की आम्ही रडतो आणि पुरतो. माझ्या बहिणीची दोन गेली. त्यांतलं कुणी परत आलं नाही. वीपील तिनं औषधासाठी विकलं. आमच्याबद्दल हे असं कोण सांगतं? त्यांनी बहिणीबद्दल विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.’

अनघा माझ्याकडे वळली. तिला त्या क्षणी सगळं कळलं, रविवारचंही.

"काका?" मेधा म्हणाली.

"झबल्याचं आमच्या घरचं," मी म्हणालो. "माझ्या आईचं. बाकीचं मी रचलं."

"तोमास?"

"रचला."

"आणि ती पुरातली मुलगी?"

"ती गेल्या रविवारी. गाडीत बसून."

मला वाटलं ती ओरडेल. कागद फाडेल, जाकीट माझ्या अंगावर फेकेल. मी त्याची तयारी केली होती. ती नुसती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली.

"म्हणजे तो येणार नाही," ती म्हणाली.

तिनं हातावरचं जाकीट मांडीवर घेतलं.

"तो गेला तेव्हा मी दुसऱ्याच आठवड्यात कामावर गेले होते. सगळे म्हणाले, काय धीराची आहे. मला वाटतं तेव्हा मला नीट ऐकूच आलं नव्हतं. आज ऐकू आलं."

अनघा तिच्यापुढं जमिनीवर बसली. "मेधा, ऐक माझं. बाबांच्या गोष्टीचा आणि गार्गीचा काही संबंध नाही. ती खरी आहे. पुण्यात आहे, आत्ता आहे. तू फोन कर."

"कळतंय गं मला. सगळं कळतंय." ती अगदी शांतपणे बोलत होती. "पण माझं मूल आज गेलंय. आजच्या आज दुसऱ्याला ये म्हणू? कुठल्या तोंडानं? ती येऊन माझ्याकडे बघेल आणि मी तिच्याकडे कशी बघेन? आठ दिवस दे मला. फक्त आठ दिवस."

आठ दिवस होते. मागच्या शनिवारी प्रबोध बूट काढत होता तेव्हा सहा-सात तरी होते. रविवारी मी निघालो तेव्हाही पाच रात्री शिल्लक होत्या. ते सगळे मी एकट्यानं खर्च केले होते.

सात वाजून वीस मिनिटांनी मेधाचा फोन वाजला. तिनं उचलला, स्पीकर लावला आणि मशीनवर ठेवला.

"मेधाताई ना? संस्थेतून बोलतेय. बाहेर पडायच्या आधी म्हटलं विचारावं. प्रबोधजींचं पत्र मिळालंय. तुमचं काय ठरलं?"

मेधानं फोन एका बोटानं माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही बोला, काका," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. "तुम्हाला येतं."

एक ‘हो’ म्हणायचं होतं. ‘तिला भरून आलंय, बोलवत नाही, पण हो आहे,’ एवढं सांगितलं असतं तर संस्थेच्या बाईंनी आनंदानं मानलं असतं. माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यांत सोपी थाप. जिभेवर आलीसुद्धा होती. मी मेधाकडे पाहिलं. तिच्या मांडीवर ते जाकीट, आणि त्यावर मी कापायला लावलेलं झबलं. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

"हॅलो? आवाज येतोय का?"

अनघा फोनवर वाकली. "मॅडम, मी त्यांची मैत्रीण. आज इथं जरा... एक आठवडा मिळेल का? एकच."

"अहो, एकदा वाढवून दिली ना मुदत. त्या मुलीनं किती थांबायचं? दुसरं कुटुंब दोन वर्षं वाट बघतंय. हो असेल तर आत्ता सांगा. ताई, तुम्ही आहात का तिथं?"

मेधा तिथंच होती. खिडकीबाहेर कॉजवेवरचे दिवे लागले होते, ती तिकडे बघत होती. फोनमधून लांबवर कुठलं तरी मूल रडल्याचा आवाज आला. गार्गीच असेल असं काही नाही, तिथं पुष्कळ मुलं आहेत.

"बरं," बाई म्हणाल्या. "मी पुढच्यांना कळवते मग. काळजी घ्या, ताई."

फोनचा उजेड गेला. स्वयंपाकघरात दूध आटत ठेवलं होतं ते करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. अनघानं दार उघडलं. प्रबोध होता, स्टेशनपासून पळत आल्यासारखा घामाघूम, टाय सैल केलेला, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. बूट काढता काढताच त्यानं आत डोकावून विचारलं, "झाला का फोन?"

"झाला," मेधा म्हणाली.